शहाणीचा वाटा

१

मूल जेवत नसलं की आई काय वाटेल ते बोलते. कोणी बागुलबुवाला बोलावतं, कोणी पोलिसाला, कोणी काऊ-चिऊच्या नावाने घास भरवतं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. घास पोटात गेल्याशी कारण. सुकन्याने आपल्या मुलीसाठी शहाणी उर्जा शोधून काढली होती.

खरी उर्जा साडेपाच वर्षांची. जन्मली पुण्यात, पण दीड वर्षाची असताना जर्मनीत, वाल्डॉर्फला आली आणि किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, जायला लागल्यावर पक्की जर्मन झाली. मराठी तिला सगळं कळायचं. बोलायची मात्र नाही. "पाणी हवंय का?" म्हटलं की "या," म्हणजे हो. "झोपायचं का?" म्हटलं की "नाइन," म्हणजे नाही. आईला हाक मारायची ती 'मामा'. आणि भाजीशी तर तिचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

मग सुकन्या म्हणायची, "नको खाऊस. शहाणी उर्जाला देते. ती सगळं खाते, सांडत नाही, आणि आजीशी मराठीत बोलते."

ही शहाणी राहते कुठे, असं पोरीने एकदा विचारलंच, अर्थात जर्मनमध्ये. सुकन्याच्या हातात झारा होता. तो तिने स्वयंपाकघरातल्या कोठीच्या दाराकडे रोखला. कोठी कसली, भिंतीत काढलेली एक चिंचोळी खोली. आत पिठाचे डबे, तांदळाची गोण, कांदे-बटाटे. दाराला बाहेरून कडी, आणि दिव्याचं बटणही बाहेरच.

तेव्हापासून घरात रिवाजच पडला. उर्जाने टाकलेली ताटली कोठीत ठेवायची, कडी घालायची. पोरगी खेळायला पळाली की सुकन्याने आत शिरून ते उभ्याउभ्या संपवायचं आणि मग रिकामी ताटली दाखवायची. "बघ, शहाणीने चाटूनपुसून खाल्लं." दोन वर्षं हे असं चाललं होतं. अन्न वाया जात नव्हतं, आणि त्या ताटलीकडे बघत उर्जा निदान एखादा घास तरी घ्यायची.

२

ऑक्टोबर संपत आला तशी किटाच्या दारावर यादी लागली. शुक्रवारी हॅलोवीन. मुलांनी भुताखेतांचे कपडे करून यायचं, पालकांनी खाऊ आणायचा, पण साखर नको, मैदा नको, सगळं पौष्टिक हवं. भोपळ्याच्या कुकीजसमोर सुकन्याने आपलं नाव लिहून टाकलं. घारगे काय आणि कुकीज काय, भोपळा तोच. तेलातून काढायच्याऐवजी ओव्हनमधून काढायचा.

गुरुवारी तीन वाजता उर्जाला घरी आणून ती कामाला लागली. देवदत्त, तिचा नवरा, कंपनीच्या कामासाठी आठवडाभर वोल्फ्सबुर्गला होता, तो शुक्रवारी रात्री यायचा होता. भोपळा हॉकाइडो जातीचा, नारळाएवढा, तांबडालाल. सालासकट शिजतो म्हणून हाताचे कष्ट वाचतात. तो भाजून कुस्करला, त्यात डिंकेल नावाच्या जुन्या गव्हाचं पीठ, ओट्स, वाटलेला खजूर आणि लोणी घातलं. इथल्या बायका दालचिनी घालतात. हिने वेलची आणि जायफळ घातलं. घर असं दरवळलं की तिला आपणच आपलं कौतुक करावंसं वाटलं.

तेवढ्यात पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. उर्जाने धावत येऊन आजीला जर्मनमध्ये "हालो ओमा" म्हटलं आणि आली तशी पळाली.

"गेली का?" वसुधाबाई म्हणाल्या. "अगं, दुसऱ्या कुणाच्या मुलीशी बोलल्यासारखं वाटतं मला. मी तुला बोल लावत नाहीये हं."

"नाही हो, अहो आई. शिकेल हळूहळू."

"हळूहळू म्हणता म्हणता मी जाईन एक दिवस."

बोल लावत नाही असं म्हणणारा माणूस बोल लावून मोकळा झालेला असतो. फोन ठेवला तेव्हा सुकन्याचे कान तापले होते. पोटची पोर आपल्या भाषेत आपल्याला आई म्हणत नाही, हे तिला जेवढं लागायचं तेवढं वसुधाबाईंना काय लागणार होतं? पण हे सांगणार कोणाला.

पहिला ट्रे निघाला. गार झालेली एक कुकी तिने उर्जाला दिली. पोरीने नुकत्याच पडलेल्या समोरच्या दाताची खिंड सांभाळत कशीबशी चावली आणि हातावर थुंकली. "इगिट," ती म्हणाली. जर्मन पोरांचं ते 'शी'.

एरवी सुकन्या हसली असती. त्या दिवशी नाही हसली. "राहू दे," ती म्हणाली. "शहाणी खाईल. आणि उद्या पार्टीलाही मी तिलाच नेणार आहे. तू बस तिच्या जागी कोठीत."

उर्जा रडली नाही. तिने एकदा कोठीच्या दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "एश्ट?" खरंच का?

"खरंच," सुकन्या म्हणाली, आणि दुसऱ्या ट्रेच्या कुकीज लाटायला घेतल्या.

३

पोरगी आपल्या खोलीत जाऊन बसली. सुकन्याने सवयीने एक कुकी ताटलीत घालून कोठीत ठेवली, कडी घातली. दुसरा ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, मशीनमधले कपडे बाथरूममध्ये वाळत घातले. परत आली तर पाच वाजून गेले होते. रविवारीच हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केली होती, त्यामुळे बाहेर एवढ्यात अंधारलं होतं. कोठीचं दार चार बोटं उघडं होतं.

कडी आपण नीट घातली नसेल. ती उभी राहून आठवू लागली. घातली होती. की घातली असं वाटत होतं? रोज करायच्या गोष्टी माणसाला एकेक करून कुठे आठवतात.

"आई," आतून आवाज आला. "अजून एक दे ना."

सुकन्या जागच्या जागी थबकली. उर्जाचाच आवाज. कपडे वाळत घालत होते तेवढ्यात येऊन बसली लबाड, मघाच्या बोलण्याची भरपाई करायला. आणि आई म्हणाली. माझी पोरगी मला आई म्हणाली. 

"आवडली का गं?"

"हो. वेलची छान लागते. मी सगळं संपवलं."

'सगळं' म्हणाली, आणि त्यातला ळ अगदी सासूबाईंसारखा खणखणीत. उर्जाला आजवर जमला नव्हता तो, तिची जीभच वळायची नाही. किटात गाणी शिकवतात, त्याने जीभ वळायला लागली असेल. आनंदाच्या वेळी माणूस फार खोलात शिरत नाही, तशी सुकन्याही शिरली नाही. तिने फटीतून कुकी पुढे केली. आतून लहानसा हात आला, पिठाने माखलेला, तळवा वर. बोटं गार लागली. बाहेरच्या भिंतीला लागून आहे कोठी, गारठा असायचाच.

"बाहेर ये ना, बाळा."

"नको. इथेच बरं आहे. तू तिथे बस आणि बोल माझ्याशी."

सुकन्या फरशीवर बसली. आतली पोर बोलत राहिली, धार लागावी तशी. भोपळा कोणी कापला, बाबा कधी येणार, आजीचा गुडघा कसा आहे. सुकन्याने रेकॉर्डिंग लावून फोन फटीशी धरला आणि म्हणाली, "आजीला काही तरी सांग."

"आजी, मी शहाणी आहे. मी सगळं खाते. आता मी रोज तुझ्याशी बोलेन."

तिने ते रेकॉर्डिंग लगोलग पुण्याला पाठवलं. डोळे पुसले. दाराला हात घालणार, तेवढ्यात पॅसेजच्या पलीकडच्या टोकाहून, उर्जाच्या खोलीतून, हाक आली.

"मामा? मिट वेम रेडेस्ट डू?"

तू कोणाशी बोलतेयस, असं उर्जा विचारत होती.

४

उठायला सुकन्याला वेळ लागला.  पॅसेजमधून जाताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

उर्जा पलंगावर उद्याचं भूत होऊन बसली होती. जुनी पांढरी चादर, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. सुकन्याने चादर वर केली. तोच चेहरा, रविवारी पडलेल्या दाताची तीच खिंड, खिडकीत पाण्याच्या पेल्यात जपून ठेवलेला तोच इवलासा दात. तिने पोरीला छातीशी धरलं तेव्हा पोरीचं अंग गरम होतं.

मग डोकं आपलं काम करू लागलं. खालच्या मजल्यावरचा टीव्ही असेल. पण मराठीत? बरं, उर्जानेच धावत येऊन गंमत केली असेल. पण मी तर दारासमोर बसले होते. झोप कमी पडतेय, देवदत्त नाही, सासूबाईंचं बोलणं मनात घोळतंय. ऐकायचं होतं तेच कानांनी ऐकलं. हे शेवटचं तिला पटलं, कारण दुसरं काही पटवून घेण्यासारखं उरलंच नव्हतं. पोरीचा हात धरून ती स्वयंपाकघरात आली, कोठीचा दिवा लावला आणि दार सताड उघडलं.

डबे. गोण. टोपलीत कांदे, बटाटे, एक दुधी. रिकामी ताटली.

"बघ," ती म्हणाली. "कोणी नाही. शहाणी वगैरे कोणी नसतं. आई उगीच म्हणायची."

चादर सावरत उर्जा आत शिरली आणि गोणीच्या मागे वाकून पाहू लागली. त्याच क्षणी छतावरचा धुराचा भोंगा कानठळ्या बसतील असा बोंबलायला लागला.

दुसरा ट्रे. सुकन्या धावली. ओव्हन उघडला तर काळा लोट तोंडावर आला. ट्रे सिंकमध्ये टाकला, खिडकी उघडली, टॉवेलने वारा घातला, शेवटी स्टूलवर चढून भोंग्याचं बटण दाबून धरलं. दोनेक मिनिटं गेली असतील. शांत झाल्यावर ती खाली उतरली आणि वळली.

पांढरी चादर टेबलाशी उभी होती. कोठीचं दार लावलेलं होतं, वर कडी.

"तू लावलंस होय दार?" सुकन्या दम खात म्हणाली. "शहाणी माझी ती."

५

चादरीखालून हात आला. पहिल्या ट्रेमधली एक कुकी उचलून आत गेला. मग दुसरी. चघळण्याचा आवाज आला.

"आवडली?"

"हो, आई. दिवा पण मी घालवला."

सुकन्याने दाराबाहेरच्या बटणाकडे पाहिलं. आणि तेव्हाच कोठीच्या दारावर आतून थाप पडली. लहान, पसरलेल्या तळहाताची.

"मामा? माख आउफ."

दार उघड.

तिने झडप घालून चादर वर ओढली. चेहरा उर्जाचा. डोळे उर्जाचे. तिने बोटाने ओठ बाजूला केला. खिंड होती. त्यातून थोडंसं रक्त येत होतं, कुकीचा कडक काठ लागला असेल. म्हणजे ही माझी. ही माझ्याजवळ आहे, आणि मघाशी ही तिकडे खोलीत असताना जे माझ्याशी बोललं, ते या दाराआड होतं. खोटं बोलणारं ते आहे. हिशेब इतका सरळ होता की तिला रडू फुटलं.

"मामा, बिट्टे. इश हाब आंग्स्ट." मला भीती वाटते, म्हणत होतं ते.

"दार उघडू नकोस, आई," मांडीशी बिलगलेली पोर म्हणाली. ती थरथरत होती.

"नाही उघडत, सोन्या. नाही उघडत." भीतीने पोरीला मराठी फुटली असेल. भीतीने मुक्यालाही वाचा फुटते म्हणतात.

आत थापा वाढल्या. मग अचानक थांबल्या. काही वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, नाक भरलेला. मग आवाज आला, एकेक शब्द शोधून काढल्यासारखा, मोडका.

"आई. मी खाते. मी सगलं खाते. मी... शहानी."

सुकन्याचा हात कडीकडे गेला. तो का गेला हे तिला सांगता आलं नसतं. गार बोटांनी तो हात मधेच पकडला.

"तूच म्हणालीस ना," पोर म्हणाली, "उद्या मला नेणार."

नेणारच होती की ती. आपल्या पोरीला नाही तर कोणाला नेणार? तिने तिला कडेवर उचललं, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, बाहेरून खुर्ची लावली आणि टीव्हीवर कार्टून मोठ्याने लावलं. पोरीने मान तिच्या खांद्यावर टाकली. सातच्या सुमाराला टीव्ही जरा बारीक करून तिने कानोसा घेतला. तिकडे सगळं शांत होतं.

फोनवर वसुधाबाईंचा निरोप आला होता. "बोलली गं बाई एकदाची. किती स्वच्छ बोलते. आता हिला अशीच ठेव."

६

सकाळी उजेडात सगळं निराळं असतं. पोरीने वाटीभर उपमा कढीपत्त्यासकट संपवला आणि वाटी स्वतः सिंकमध्ये नेऊन ठेवली. सुकन्याने कोठीकडे पाठ करून कुकीज डब्यात भरल्या. आतून हूं की चूं नव्हतं. रात्री देवदत्त आला की त्यालाच उघडायला सांगू, असं तिने ठरवलं होतं.

किटाच्या दारात उर्जाच्या बाई, फ्राऊ हाफनर, जादूगारणीची टोपी घालून उभ्या होत्या. त्यांनी वाकून चादरीतल्या भुताला काहीतरी गमतीचं विचारलं. भूत गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. चादरीतले डोळे सुकन्याकडे वळले.

"आई, ह्या काय म्हणतायत?"

"लाजतेय आज," सुकन्या फ्राऊ हाफनरना म्हणाली आणि हसली. भुताने तिचा हात सोडला आणि आत गेलं. आतली मुलं ओरडत खेळत होती. त्यांच्या घोळक्यात ते भूत एका जागी, नुसतं उभं राहिलं.

घरी येईपर्यंत ती स्वतःला समजावत होती. चिडवते मला. हट्ट आहे. कालचा राग काढतेय. उर्जाच्या खोलीत पलंग आवरायला म्हणून ती शिरली, आणि सहज खिडकीकडे पाहिलं.

पेल्यात दोन दात होते.

दोन्ही सारखे, इवलेसे, समोरचे. एक पांढरा, तळाशी बसलेला. दुसऱ्याभोवती पाणी गुलाबी झालं होतं.

स्वयंपाकघरापर्यंत ती कशी पोचली ते तिला कळलं नाही. वाटेतली खुर्ची आडवी पडली, कडी निघता निघेना. दिवा लागला. डबे. गोण. ताटली. आत कोणी नव्हतं.

टोपली मात्र पालथी झाली होती. कांदे-बटाटे फरशीवर पसरले होते, आणि एकेकाचा एकेक घास घेतलेला होता. बटाट्याचा, सालासकट. कच्च्या कांद्याचा. दुधीचा तर दोन ठिकाणी. प्रत्येक घासावर लहान दात उमटले होते आणि मधोमध एका दाताएवढी जागा रिकामी होती. काहीही थुंकलेलं नव्हतं.

सुकन्या त्या घासांमध्ये गुडघ्यांवर बसली. या घरात तिने उर्जाशी जर्मन बोलायचं नाही असं ठरवलं होतं, चार वर्षं ते कसोशीने पाळलं होतं. तिचं जर्मन होतंही मोडकंच, दुकानात आणि ऑफिसात चालण्यापुरतं.

"उर्जा," ती भिंतीला म्हणाली. "कोम. बिट्टे, कोम. मामा इस्ट डा." ये. ये ना. आई आहे इथे. माझं चुकलं, हे जर्मनमध्ये कसं म्हणतात ते तिला आठवेना, म्हणून तिने तेवढेच शब्द पुन्हा म्हटले. मग पुन्हा. मधे मधे ती थांबून कान देत होती. पिठाच्या डब्यांमागे भिंत होती आणि भिंतीपलीकडे रस्ता होता.

बाजूला पडलेला फोन वाजला. किटाने पालकांना फोटो पाठवला होता. खाऊच्या टेबलाशी सगळी मुलं, आणि मधे एक पांढरी चादर, हातात भोपळ्याची कुकी. खाली लिहिलं होतं की आज उर्जाने पहिल्यांदाच सगळं खाल्लं.

तीन वाजता तिला आणायला जायचं होतं.